साताऱ्याचा फोन तांब्यावरून फायबरवर नेताना

गेल्या मे महिन्यात आम्ही साताऱ्याच्या घरचा फोन तांब्याच्या तारेवरून फायबरवर, म्हणजे काचेच्या धाग्याच्या केबलवर, नेला. क्रमांक तोच राहिला, फोनही तोच राहिला, आणि माजघरातल्या कोनाड्यातली त्याची जागाही बदलली नाही. तरीही त्या पंधरा दिवसांत मला जे कळले ते आधी कळले असते, तर आईची एक रात्र काळजीत गेली नसती. घरी वडीलधारी माणसे एकटी राहत असतील आणि फोन बदलण्याचा विचार चालू असेल, अशांच्या उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी फोन आला तो १९८८ साली. नोंदणी करून कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर तो मिळाला होता, त्यामुळे बाबांनी त्याला हळदीकुंकू लावून पहिला फोन वाईच्या मावशीकडे केला होता. पुढे क्रमांकाच्या आधी २ लागून तो सहा आकडी झाला. ०२१६२ हा साताऱ्याचा कोड आणि त्यापुढे हे सहा आकडे, एवढा हा पत्ता आमच्या साऱ्या गोतावळ्याला पाठ आहे. बँकेच्या पासबुकावर, विम्याच्या कागदांवर, गॅसच्या कार्डावर आणि दोन्ही भावंडांच्या लग्नपत्रिकांवर तोच क्रमांक आहे. मी पुण्यात राहते, भाऊ न्यू जर्सीत आहे आणि बाबा गेल्यापासून आई घरी एकटीच असते. जुन्या घराच्या दगडी भिंती दोन हात जाडीच्या असल्यामुळे माजघरात मोबाइलची रेंज धड येत नाही. शिवाय आईला कमी ऐकू येते आणि फोनचा जाड रिसीव्हर कानाला नीट लावल्यावर तिला जेवढे स्पष्ट ऐकू येते, तेवढे मोबाइलवर येत नाही. त्यामुळे फोन काढून टाकण्याचा विचार आमच्या मनात कधीच नव्हता.

मात्र तांब्याची तार थकली होती. पाऊस सुरू झाला की रस्त्याखालच्या केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरायचे आणि फोनवर आधी खरखर, मग दुसऱ्याच कुणाचे तरी बोलणे आणि शेवटी सगळेच गप्प, असा क्रम जुलै-ऑगस्टमध्ये ठरलेला असायचा. लाइनमन काका कोपऱ्यावरच्या डीपीच्या डब्यात, म्हणजे घरोघरच्या तारा जिथून फुटतात त्या पेटीत, तारांची जोडी बदलून देत, तेव्हा फोन काही दिवस चालायचा. चांगल्या जोड्या संपत आल्या आहेत, असे त्यांनीच दोन वर्षांपूर्वी सांगितले होते. तांब्याचे काम करणारी माणसे निवृत्त होत आहेत आणि नवी केबल कुणी टाकत नाही, हे आम्हालाही दिसत होते.

फायबरवर जायचे ठरल्यावर पहिला प्रश्न क्रमांकाचा होता. मोबाइलचा क्रमांक एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो, पण घरच्या फोनच्या क्रमांकाला आपल्याकडे ती सोय नाही. त्यामुळे जुना क्रमांक ठेवायचा असेल तर ज्या कंपनीचा तांब्याचा फोन आहे, तिच्याकडूनच फायबर घ्यावे लागते आणि नवे कनेक्शन न मागता जुन्याचेच रूपांतर करून मागावे लागते. अर्जावर हे शब्द स्वच्छ लिहून घ्यावेत, आणि नवा फोन चालू होऊन त्यावर बाहेरून फोन आल्याची खात्री होईपर्यंत जुने कनेक्शन बंद करण्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नये. एकदा क्रमांक सुटला की तो परत मिळेल याचा भरवसा धरता येत नाही.

ठरल्या दिवशी कंपनीतर्फे एक तरुण तंत्रज्ञ आला. खांबावरून त्याने काळी बारीक केबल खिडकीतून आत घेतली आणि माजघराच्या दारातच बैठक मारली. केबलच्या आतली काच केसाएवढी असते असे आपण ऐकतो, पण ती समोर पाहण्याचा अनुभव वेगळाच आहे. काचेच्या त्या धाग्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा, आणि प्रकाश ज्यातून जातो तो गाभा तर जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो. त्याने धाग्यावरचे आवरण सोलले, स्पिरिटच्या बोळ्याने तो पुसला, छोट्या कातरयंत्रात धरून त्याचे टोक अगदी काटकोनात कापले आणि जोडणीच्या यंत्रात ठेवले. यंत्राच्या लहानशा पडद्यावर दोन टोके जवळ येताना दिसली, क्षणभर निळसर ठिणगी चमकली आणि दोन्ही काचा वितळून एक झाल्या. आई चष्मा सावरून हे सगळे वाकून पाहत होती. "आजी, तुकडे पडले असतील, अनवाणी येऊ नका," असे तो दोनदा म्हणाला, आणि कापलेला प्रत्येक तुकडा चिकटपट्टीवर टिपून त्याने पट्टी गुंडाळून ठेवली. हे काम इतक्या निगुतीने करणारा माणूस मिळाला याचे मला मनापासून बरे वाटले.

मग त्याने मीटर लावून प्रकाशाची तीव्रता मोजली आणि "मायनस एकोणीस, एकदम ओके," असे सांगितले. हा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे प्रकाशाची तीव्रता मोजण्याच्या एककात, असतो. मायनस सत्तावीसच्या खाली गेला की जोडणी अडखळू लागते, म्हणून पहिल्या दिवशीचा आकडा लिहून ठेवावा. पुढे कधी तक्रार करायची वेळ आली तर त्या एका आकड्याने बरेच काही उलगडते.

भिंतीवर जे पांढरे खोके बसले त्याला कागदोपत्री ओएनटी म्हणतात, आमच्याकडे सगळे त्याला मॉडेमच म्हणतात. त्याच्या पाठीशी एक बारीक चौकोनी खाच असते, तिच्यात जुन्या फोनची पिन बसते. फोन जोडला, रिसीव्हर उचलला, आणि डायल टोन आला. आईला आनंद झाला. मात्र मावशीचा क्रमांक फिरवल्यावर फोन लागेना. आकडे दाबताना पूर्वीसारखीच टकटक ऐकू येत होती, पण डायल टोन काही थांबत नव्हता. तंत्रज्ञाने फोन उलटा केला आणि तळाशी असलेले एक छोटे बटण नखाने सरकवले. त्या बटणाच्या एका बाजूला पी आणि दुसऱ्या बाजूला टी अशी अक्षरे होती. जुन्या चकतीच्या फोनमध्ये आकड्यागणिक तारेतला प्रवाह तितक्या वेळा तोडला जायचा, ती पल्स पद्धत. बटणांच्या फोनमध्ये प्रत्येक आकड्याला दोन सुरांची जोडी जाते, ती टोन पद्धत. आमचा फोन बटणांचा असूनही इतकी वर्षे पल्सवरच ठेवलेला होता, आणि तांब्यावरच्या टेलिफोन एक्स्चेंजला दोन्ही भाषा समजत असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. बऱ्याच ओएनटींना पल्स कळत नाही. ज्यांच्याकडे अजून चकतीचा फोन जपून ठेवलेला आहे, त्यांनी हे आधी विचारून घ्यावे. त्यावर आलेला फोन घेता येईल, पण त्यावरून फोन करता येईलच असे नाही.

दुसरी गोष्ट माडीवरच्या खोलीतल्या जोडफोनची. घरात आधीपासून टाकलेली तार तशीच वापरता येते. खोक्याच्या खाचेतून एक तार जुन्या रोझेटला, म्हणजे फोनच्या तारा जोडायच्या भिंतीवरच्या डबीला, जोडली की सगळ्या खोल्यांतले फोन चालू होतात. मात्र त्याआधी बाहेरून आलेली तांब्याची जोडी रोझेटमधून पूर्ण सोडवावी लागते. ती तशीच राहिली तर एकाच तारेवर दोन बाजूंनी वीज येते, आणि त्यात खोके बिघडू शकते. आमच्या तंत्रज्ञाने ती जोडी कापून तिच्या टोकांना पट्टी गुंडाळली.

आणखी एक बारकावा आईच्याच लक्षात आला. शेवटचा आकडा दाबल्यावर पूर्वी लगेच घंटी ऐकू यायची, आता चार-पाच सेकंद काहीच ऐकू येत नाही. आणखी आकडे येणार आहेत का, याची खोके तेवढा वेळ वाट पाहते. आमच्या खोक्यावर क्रमांकानंतर हॅशचे बटण दाबले की ते न थांबता फोन लावते. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो, तो नियम आईने बिनचूक अंगवळणी पाडला होता. त्यात आता शेवटच्या हॅशची भर पडली आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा लेख लिहिला, तिच्याकडे येते.

तांब्याच्या फोनला घरातली वीज कधीच लागत नव्हती. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांच्या रांगा असत आणि तिथून ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच दोन तारांवरून प्रत्येक घरापर्यंत येत असे. घंटी वाजवण्यासाठी साधारण ७५ व्होल्टचा वेगळा प्रवाहही तिथूनच येई. रिसीव्हर उचलल्यावरचा डायल टोन तिथला, आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याचे कामही तिथलेच. आपला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजायचा, प्रत्येक मापाला ८ बिट द्यायचे आणि सेकंदाला ६४,००० बिटांचा प्रवाह पुढे पाठवायचा, हे काम डिजिटल एक्स्चेंज कितीतरी वर्षे करत आले आहे. फायबरवर गेल्यावर ही सगळी कामे एक्स्चेंजमधून निघून आपल्या भिंतीवरच्या खोक्यात येतात. आवाज तिथेच मोजला जातो, बहुधा दर २० मिलिसेकंदांचा एक असे त्याचे तुकडे केले जातात, आणि सेकंदाला ५० पाकिटे या हिशेबाने ती इंटरनेटच्या पद्धतीने रवाना होतात. घंटीचा प्रवाह खोके तयार करते. डायल टोनही खोक्यातूनच येतो. काच प्रकाश वाहून आणते, वीज आणत नाही. म्हणजे एक्स्चेंजचा एक लहानसा हिस्सा आपल्या घरी राहायला येतो आणि त्याची वीज पुरवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही, आणि मीही विचारली नाही.

फोन बदलल्यानंतर नवव्या दिवशी साताऱ्यात वळीव कोसळला. संध्याकाळी सातच्या सुमारास लाईट गेली. आई रोज रात्री नऊ वाजता मावशीला फोन करते, तेव्हा तिने सवयीने रिसीव्हर उचलला, तर आत काहीच नव्हते. ना टोन, ना खरखर. इतक्या वर्षांत लाईट गेली तरी फोन चालूच असायचा. कितीतरी वादळी रात्री बाबांनी अंधारात बसून त्याच फोनवरून वीज कार्यालयाला तक्रार दिलेली होती. त्यामुळे फोन आणि लाईट या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो हेच तिच्या मनात नव्हते, आणि नवा फोन बिघडला असे समजून ती घाबरली. मोबाइलची बॅटरी संपत आली होती. मी पुण्याहून साडेनऊपासून फोन लावत होते आणि क्रमांक उपलब्ध नसल्याचे पुन्हा पुन्हा ऐकत होते. शेवटी शेजारच्या काकूंना मोबाइलवर गाठले, त्या टॉर्च घेऊन आमच्याकडे गेल्या आणि दाराशी उभ्या राहून त्यांच्या मोबाइलवरून माझे आईशी बोलणे करून दिले. लाईट रात्री पावणेबाराला आली. आईला काहीही झाले नव्हते, पण तिला काही झाले असते तर तिने हाक कशी मारली असती, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

दुसऱ्याच दिवशी मी साताऱ्याला गेले. जाताना पुण्याहून राउटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस घेतला. त्याची निवड करताना हिशेब मांडणे गरजेचे आहे, कारण यूपीएसवर छापलेले मोठे आकडे पाहून फसगत होते. ओएनटीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि १.५ अँपिअर असे छापलेले होते, म्हणजे जास्तीत जास्त १८ वॅट. प्रत्यक्षात आमचे खोके सात-आठ वॅटच घेते. यूपीएसवर बॅटरीचा साठा ८००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) लिहिलेला होता, पण हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला धरून असतो, म्हणून एकूण साठा सुमारे ३० वॅट-तासांचा. सात-साडेसात वॅटने भागले तर चार तास येतात आणि व्होल्टेज वाढवताना जे वाया जाते ते वजा केले तर साडेतीनच्या आसपास. व्होल्टेज मात्र अचूक जुळायला हवे. १२ व्होल्टच्या खोक्याला ९ व्होल्टची पिन बसते, पण खोके चालत नाही.

घरात मोठा इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचा प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डावर आहे की नाही ते आधी पाहावे. पुष्कळ घरांत पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर असतात आणि मॉडेम मात्र टीव्हीच्या मागच्या साध्या प्लगवर राहतो. इन्व्हर्टरवर असला तरी लाईट जाण्याच्या त्या क्षणी काही खोकी बंद पडून पुन्हा सुरू होतात. त्यात दोन-तीन मिनिटे जातात आणि चालू असलेले बोलणे तुटते. छोटा यूपीएस मध्ये असला तर तेही होत नाही.

यूपीएस लावल्यावर मी आईला मावशीला फोन लावायला सांगितला, आणि त्यांच्या गप्पा रंगलेल्या असताना भिंतीवरचे बटण बंद केले. बोलणे तुटले नाही. मी घड्याळ लावून बसले. खोक्यावरचे हिरवे दिवे ३ तास २० मिनिटांनी विझले. तोपर्यंत आईने तीन वेळा येऊन "अजून चालू आहे गं?" असे विचारले होते.

घरातली वीज सांभाळली म्हणजे झाले असेही नाही. फायबरच्या या पद्धतीत कंपनीचे केंद्र आणि आपले घर यांच्यामध्ये रस्त्यावर कुठेही वीज लागत नाही, कारण प्रकाश वाटून देणारे मधले स्प्लिटर नुसत्या काचेचे असतात. हा मोठाच फायदा आहे. पण पलीकडच्या टोकाला घरोघरच्या ओएनटींना जोडणारे ओएलटी नावाचे कंपनीचे यंत्र असते आणि त्याला वीज लागतेच. लहान शहरांत ते कधी एक्स्चेंजच्या इमारतीत असते, तर कधी स्थानिक भागीदाराच्या दुकानात. ते कुठे आहे आणि त्याच्यामागे किती तासांची बॅटरी किंवा जनरेटर आहे, हा प्रश्न अर्ज भरतानाच विचारावा. आमच्या भागाचे यंत्र जुन्या एक्स्चेंजमध्येच आहे हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

भावाला हे सगळे सांगितले तेव्हा त्याला नवल वाटले नाही. त्याने २००६ मध्येच अमेरिकेत घरच्या इंटरनेटला एक छोटा अडॅप्टर लावून त्यावर फोन घेतला होता. तिथे तेव्हा कनेक्शन देण्यापूर्वी त्याच्याकडून घराचा पत्ता नोंदवून घेतला गेला, कारण इंटरनेटवरून केलेल्या फोनमागे माणूस नेमका कुठे आहे हे ९११ ला, म्हणजे तिथल्या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला, आपोआप कळत नसे, आणि २००५ मध्ये तिथल्या नियामकांनी तशी नोंद सक्तीची केली होती. आपल्याकडे त्या वेळी नियम निराळे होते. १ एप्रिल २००२ पासून संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोलायला परवानगी मिळाली, पण देशातल्या फोनवर तसे बोलता येत नव्हते. म्हणून भाऊ इंटरनेटवरून बोलायचा आणि आई तांब्यावरून ऐकायची, असे आमचे कितीतरी रविवार गेले. आता दोन्ही टोकांना तीच पद्धत आहे.

ब्रिटनचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. तिथे तांब्याचे जुने जाळे डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करायचे ठरले होते. पण एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणे त्याच फोनवर चालतात, ती नव्या फोनवर चालतील की नाही याची खात्री करण्यासाठी वेळ हवा म्हणून ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे नेली गेली. ज्यांचा आधार फक्त घरच्या फोनवर आहे, त्यांना लाईट गेल्यावर किमान एक तास तरी मदतीचा फोन करता यावा अशी सोय कंपन्यांनी द्यावी, अशी तिथल्या नियामकाची अपेक्षा आहे. तशी अपेक्षा आपल्याकडेही असायला हवी असे मला ठामपणे वाटते. ओएनटीबरोबर छोटी बॅटरी द्यायला फार खर्च येत नाही, आणि निदान जोडणीच्या दिवशी "लाईट गेली की फोन बंद पडेल" हे एक वाक्य घरातल्या वृद्ध माणसाला समोर बसवून सांगायला तर काहीच खर्च येत नाही.

फायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. जूनपासून आजपर्यंत एकदाही खरखर आली नाही. काचेला पाण्याचे भय नाही. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की फोनची पिन काढून ठेवायची आमच्याकडे पद्धत होती, कारण तांब्याच्या तारेवरून विजेचा लोळ घरात येण्याची भीती असे. काचेच्या धाग्यावरून तो येत नाही. अडॅप्टरवरून मात्र अजूनही येऊ शकतो, म्हणून मोठ्या गडगडाटात यूपीएसचा प्लग काढून फोन बॅटरीवर चालवायचा असे आईने ठरवले आहे. बोलण्याची पाकिटे इंटरनेटच्या इतर वाहतुकीत न मिसळता कंपनी ती वेगळ्या वाटेने आणि आधी नेते, त्यामुळे माडीवर नातू व्हिडिओ पाहत बसले तरी खाली आईचा आवाज अडखळत नाही. तिला मावशीचा आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ येतो, असे ती स्वतः म्हणाली.

सोडवलेली तांब्याची जोडी अजून खिडकीच्या चौकटीवर गुंडाळलेली आहे, आई ती काढू देत नाही. फोनशेजारच्या कालनिर्णयवर तिने प्रत्येक महिन्याच्या १ तारखेपुढे "बॅटरी" असे लिहून ठेवले आहे. त्या दिवशी सकाळची पूजा झाली की ती यूपीएसचा प्लग काढते, माझा क्रमांक फिरवते, शेवटी हॅश दाबते, आणि मी फोन उचलला की पहिल्यांदा प्लग काढलेला आहे एवढे सांगून मगच बाकीचे बोलू लागते.